न मोडलेला मुरघास

आमच्या गावात मुरघासाचा खड्डा झाकण्यापूर्वी मक्याला विचारावे लागते, की आत गेल्यावर किती मोडणार. मका उत्तर देतो आणि तेवढाच मोडतो.

यात अवघड काही नाही. दाणे चिकात असताना मका कापायचा, यंत्रातून त्याची कुट्टी करायची, ती खड्ड्यात थराथराने ओतायची आणि वरून ट्रॅक्टर फिरवून दाबायची, म्हणजे आत हवा राहत नाही. मग प्लास्टिकचा कागद, त्यावर मातीची पोती आणि जुने टायर. अंधारात कुट्टी आंबते, आणि उन्हाळ्यात रानात हिरवे काही उरत नाही तेव्हा गाई तीच खातात. प्रश्न विचारायचा तो शेवटचा थर दाबून झाल्यावर, कागद ओढण्यापूर्वी. त्या वेळी ट्रॅक्टर बंद करावा लागतो, कारण मक्याचा आवाज लहान आहे.

आमच्या पिंपरखोऱ्याच्या दूध संस्थेने ठराव करून याची पद्धत घालून दिली आहे. ज्याच्या गाई तो मका खाणार, त्याने विचारायचे. संस्थेचे चेअरमन हजर पाहिजेत. उत्तर एकदाच मिळते आणि खड्डा संपेपर्यंत ते बंधनकारक असते. बहुतेक वर्षी मका म्हणतो, "निम्मे." पाऊस लांबलेल्या वर्षी थोडे जास्त सांगतो, कारण तो थकलेला असतो. एकदा आमच्या शेजारच्यांच्या मक्याने "बघू" असे उत्तर दिले होते. त्यांचा खड्डा रोज वेगळा निघायचा. गाईंना सवय होईना.

निम्मे म्हणजे काय तेही सांगते. मक्याच्या अंगात प्रथिने असतात आणि प्रथिनांत नत्र बांधलेले असते. प्रथिन मोडले की नत्र सुटे होते, आणि सुट्या नत्रातले काही अमोनिया होऊन खड्डा उघडल्याबरोबर बाहेर पडते. त्याने डोळे चुरचुरतात. आमच्याकडे नत्र निघाले की लोक बाजूला होऊन वाट देतात. बायका पदर नाकाला लावतात आणि म्हणतात, "जपून जा." मग ते बांधावरून चढून मोठ्या रस्त्याच्या दिशेने जाते. मी शिकायला परदेशी निघाले तेव्हा एसटीच्या थांब्यावर हीच माणसे अशीच बाजूला उभी होती, आणि हेच म्हणाली होती.

नेदरलँड्समध्ये मी गाईंच्या आहाराचा अभ्यास केला. तिथे मक्याला काही विचारत नाहीत. तिथला मका बोलत नसेल असे मला वाटत नाही. तिथे ट्रॅक्टर कोणी बंद करत नाही, एवढेच. पण बंद खड्ड्यात काय चालते ते मी तिथे पाहिले. साखर कारखान्यातली मळी मिसळली तर काय होते, आम्ल शिंपडले तर काय, जिवाणूंचे कल्चर घातले तर काय, हे मी काचेच्या बरण्यांतून महिनोन्महिने पाहत राहिले. योग्य जिवाणू घातले की आंबटपणा झपाट्याने वाढतो, आणि प्रथिनाला मोडणारी रसायने काम सुरू करतात न करतात तोच थंडावतात. अंधारात, कोणी बघत नसताना, डोळ्यांना न दिसणारे जीव एका पानाला धरून ठेवतात. मला तेव्हापासून दुसरे काही सुचेना. माझ्या गावातून दर वर्षी इतके नत्र निघून जाते आणि आपण पदर नाकाला लावून त्याला निरोप देतो, याचे मला तिथे थंडीत बसून वाईट वाटायचे. कोणालाच जावे लागू नये, असे मला वाटायचे. म्हणून मी परत आले, आणि येताना स्वतः वाढवलेले जिवाणू घेऊन आले.

माझी सुलोचनाकाकू, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको, चुलते गेल्यापासून एकटीच गाई सांभाळते. तिने मला तिचा खड्डा दिला.

"घाल तुला काय घालायचं ते," ती म्हणाली. "फक्त माझ्या गाईंनी खाल्लं पायजे. माझ्याकडं दुसरी वैरण न्हाई, सांगून ठेवते. हा खड्डा गेला तर दावण मोकळी."

चेअरमन हणमंतबापू जिवाणूंना असेच आत सोडायला तयार नव्हते. गावात बाहेरून कामाला येणाऱ्यांची ओळख पटवून घ्यावी लागते. बापूंनी बाटली उन्हात धरली.

"किती जण आहेत?"

"एका चिमटीत कोट्यवधी असतील, बापू."

"मुक्काम?"

"खड्ड्यातच."

"आणि काम झाल्यावर?"

"बरेचसे मरतात," मी सांगितले. "स्वतःच केलेल्या आम्लात."

बापूंनी टोपी काढली आणि थोड्या वेळाने परत घातली. "कामाची माणसं दिसतात," ते म्हणाले. मग बाटलीकडे वाकून त्यांनी विचारले, "तुमची काही मागणी?"

"हवा नको," जिवाणू म्हणाले. ते सगळे एकदम बोलतात आणि थोडे घाईत असतात. "बाकी काय धरायचं, किती धरायचं, ते मका सांगेल. आम्ही सांगितलेलं काम करतो. कमी नाही, जास्त नाही."

"मंजूर," बापू म्हणाले.

भाद्रपदातल्या एका स्वच्छ सकाळी मका कापला. थरावर थर पडत गेले, मी प्रत्येक थरावर कल्चर फवारत गेले, दुपारी शेवटचा थर दाबून झाला आणि ट्रॅक्टर बंद झाला. एकदम सगळे शांत झाले. कुट्टीतून ऊब वर येत होती.

काकूने मला कोपराने ढोसले. "विचार की."

"मी?"

"तूच. शिकलीयस ना एवढं? मी आपली दर वर्षी निम्मं ऐकून घरी जाते."

बापू म्हणाले, "गाई हिच्या नाहीत. हिला विचारता यायचं नाही."

"माझी पुतणी हाय ती, बापू. माझ्या गाई आन् तिच्या गाई काय येगळ्या?"

"पद्धत पद्धत आहे, वहिनी."

"पद्धत न्हाई म्हणते का मी? पण ऊन कलतंय, कुट्टी तापायला लागली. तुम्ही बोलत बसा."

"मग माझी हरकत नोंदवून घ्या," बापू म्हणाले. हरकत नोंदवली गेली. मी पुढे झाले.

मी फक्त प्रश्न विचारायला हवा होता. पण मी इतक्या दुरून आले होते, आणि इतकी वर्षे हे मनात घेऊन हिंडले होते. मी खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकले आणि मक्याला सगळे सांगितले. म्हणाले, आजवर तुम्हाला किती मोडणार एवढेच विचारले गेले. मोडायचे आहे का, हे कोणी विचारलेच नाही. तुम्ही ऊन धरले, पाणी धरले, मुळांनी नत्र एकेक कण करून वर आणले. ते कोणासाठीही सोडायची आता गरज नाही. तुमच्यात आता असे सोबती आहेत, की जे तुम्हाला धरून ठेवतील.

कुट्टी जराशी सळसळली.

"आख्खं राहता येतं?" मक्याने विचारले.

"येतं."

"आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं."

"म्हणूनच सांगायला आले."

"मग," मका म्हणाला, "अजिबात नाही."

काकू माझ्या कानाशी आली. "अजिबात न्हाई म्हंजे गं?"

"म्हणजे सगळं तसंच राहील, काकू. काहीसुद्धा वाया जाणार नाही."

बापूंनी उत्तर मोठ्याने उच्चारून कायम केले. कागद ओढला गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

चैत्रात खड्डा उघडला. वैरण सगळ्यांचीच संपत आली होती, म्हणून बघायला अर्धे गाव आले होते. बायकांनी पदर नाकाशी तयार ठेवले होते. आम्ही टायर उतरवले, पोती बाजूला केली आणि कागदाचे टोक धरून मागे ओढले.

वास आला नाही. नत्र निघाले नाही. लोक वाट देऊन उभे राहिले होते ते तसेच उभे राहिले.

खाली शेत होते.

मका उभा होता. ताटे पुरुषभर उंच, पाने रुंद, तुरे फुललेले. कुट्टीचा प्रत्येक तुकडा आपल्या शेजारच्या तुकड्याला पुन्हा जाऊन मिळाला होता आणि सांधा कुठे दिसत नव्हता. खड्ड्याची भिंत जिथे असायला हवी तिथून सऱ्या पुढे गेल्या होत्या, आणि त्यांच्या शेवटी धुके होते. वर चैत्र होता आणि खाली भाद्रपद. आमच्या माथ्यावर ऊन रखरखत होते, तर तिथे कापणीच्या सकाळचे कोवळे ऊन पडले होते, जसेच्या तसे, कुणीच ते खर्च केले नव्हते. पानांवर दंव होते. खालून वारा आला, गार, आणि काठावर उभ्या असलेल्या सगळ्यांच्या कपाळाला लागला.

बापूंनी चपला काढल्या, ते पाहून बाकीच्यांनीही काढल्या. मी अमोनिया मोजायची पट्टी आत धरली. तिचा रंग बदलला नाही. मी ती कितीतरी वेळ धरून राहिले. एक कणही गेला नव्हता. परदेशातल्या काचेच्या बरण्यांत मी जे पाहिले त्यापेक्षा हे इतके मोठे होते, की मला रडू आले.

"कसे आहात?" मी विचारले.

"आख्खे," मका म्हणाला.

"खरंच गं पोरी," काकू हळूच म्हणाली, "देऊळ उघडल्यावाणी वाटलं." मग तिने विळा घेतला आणि शिडी लावून खाली उतरली, कारण गाई सकाळपासून उपाशी होत्या.

तिने भारा कापून आणला. मागे पाहिले तर कापलेली ताटे जागेवर होती. भारा हातात होता आणि ताटेही जागेवर होती. याचे कोणाला नवल वाटले नाही. मक्याने अजिबात नाही असे सांगितले होते. कुट्टीच्या यंत्रात ताट घातले, ते दुसऱ्या बाजूने आख्खे बाहेर आले, आणि यंत्रालाही काही झाले नाही. शेवटी काकूने तसेच गव्हाणीत टाकले.

गाई तुटून पडल्या. त्या चावत राहिल्या, दुपारभर रवंथ करत राहिल्या. संध्याकाळी शेण काढताना काकूला पान सापडले. तिने ते हौदावर धुतले. त्यावर दाताची खूणसुद्धा नव्हती. तिने ते अंगणात ठेवले, तर ते उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी अंगणात बरीच पाने उभी होती. काकू त्यांच्यामधून वाट काढत धारेला गेली आणि लवकर परत आली.

दूध आटायला लागले. गाईंची पोटे तट्ट होती आणि बरगड्या मोजता येत होत्या. मी पुस्तके काढून बसले. सगळे बरोबर होते. प्रथिन पूर्ण होते, नत्र पूर्ण होते. जे मोडत नाही ते गाईच्या पोटातही मोडत नाही, आणि गाईच्या पोटात जे मोडत नाही त्याचे दूध होत नाही. मक्याच्या दाण्यात पिठाभोवती प्रथिनाची जाळी असते. खड्ड्यात ती थोडी सैल झाली तरच गाईला पीठ पचते, हेही मी शिकले होते. पण ते मी आनंदाच्या भरात बाजूला ठेवले होते.

"तुझ्या हॉलंडच्या गाई काय खात्यात गं?" काकूने विचारले. "हवा?"

"काकू, पेंड आणू या."

"नुसत्या पेंडीवर गाय उभी ऱ्हाते व्हय? चारा लागतोय पोटाला." तिने बिजलीच्या पाठीवरून हात फिरवला. बिजली तिची सगळ्यांत थोरली गाय, आणि तिला आठवा महिना लागला होता. "हिचं वासरू आता हिच्याच हाडातलं काढून घ्यायला लागलंय. मी बघते ना रोज."

किसन हेडी, जनावरांचा व्यापारी, न बोलावता आला. त्याने गाईंच्या बरगड्यांवर बोटे फिरवली, बिजलीचे पोट दाबून पाहिले आणि काकूला म्हणाला, "समद्या एकदम देणार असाल तर उद्या गाडी घेऊन येतो, वहिनी. ही गाभण हाय, पण अंगात काय राह्यलं न्हाई हिच्या."

काकू त्याच्याकडे न बघता म्हणाली, "उद्या ये."

मी तशीच बापूंकडे गेले. बापू माझ्याबरोबर खड्ड्यावर आले. काकूही आली, आणि गावातले ज्यांना कळले तेही.

"उत्तर खड्डा संपेपर्यंत बंधनकारक," बापू म्हणाले.

"बापू, खड्डा संपणारच नाही. कापलं तरी जागेवर येतंय."

बापूंनी यावर विचार केला. "म्हणजे हे उत्तर कायमचं झालं," ते गंभीरपणे म्हणाले. "असं अगोदर झालेलं नाही."

मी जिवाणूंना विचारले. ते अजून होते. त्यांच्यातलेही कोणी मेले नव्हते, कारण आतले काहीच मोडायचे नव्हते.

"आम्हाला अजिबात नाही असं सांगितलं होतं," ते म्हणाले. "काम चोख आहे. तक्रार असेल तर दाखवा."

"तक्रार नाही," मी म्हणाले. खरोखरच नव्हती.

"मग सुलोचनावहिनींच्या गाई जाणार," बापू म्हणाले, आणि जायला वळले. मग थांबले. "एक आहे. माझी हरकत नोंदवलेली आहे. तिची सुनावणी झालेली नाही."

"मग घ्या की आत्ता!" काकू म्हणाली. "का त्याला मुहूर्त लागतोय?"

बापूंनी टोपी सारखी केली. बघ्यांना शांत राहायला सांगितले आणि दूर उसाच्या रानात चाललेला एक ट्रॅक्टर निरोप पाठवून बंद करवला. "हरकत अशी आहे," ते खड्ड्यात वाकून म्हणाले, "की प्रश्न गाई नसलेल्या व्यक्तीनं विचारला."

वारा पानांतून फिरला.

"आम्हाला माहीत नव्हतं," मका म्हणाला. "तिचा आवाज खरा होता."

"खराच होता," बापू म्हणाले. "त्याबद्दल वाद नाही. पण गाई तिच्या नव्हत्या."

"मग गाई कुठे आहेत?"

काकू घरी गेली आणि बिजलीला दाव्याने घेऊन आली. खड्ड्याच्या उतरत्या बाजूने ती गाईला घेऊन आत शिरली. मीही मागोमाग गेले. आत दंवाने पाय ओले झाले. पाने आमच्या डोक्यावरून वाकली होती आणि प्रत्येक शिरेत हिरवा उजेड होता. इतके पूर्ण काही मी कधी पाहिले नव्हते. या सगळ्याला आता काय सांगायचे, ते मला कळेना. माझ्याकडचे जे होते ते मी भाद्रपदातच सांगून टाकले होते.

मक्याने एक पान लांबवून बिजलीच्या पोटाला लावले. पान तसेच राहिले. मग आतून लाथ बसली आणि पान हलले.

"हे कोण आहे?"

"वासरू," काकू म्हणाली. "आठवा महिना हाय."

"ते कशाचं बनतं?"

"तुमचंच बनायचं होतं, बाबांनो," काकू म्हणाली. "तुम्ही गावला न्हाई, म्हणून आता आईचं बनतंय. आई पुरायची न्हाई त्याला. आन् उद्या हेडी येणार हाय."

सऱ्यांच्या शेवटी होते ते धुके जरा जवळ आले. मका आपसात काही बोलला. ते आम्हाला कळले नाही. मग त्याने मला विचारले, "मोडल्यावर आमचं काय होतं? ते तू सांगितलं नाहीस."

मी सांगितले. आवाज चढवला नाही. म्हणाले, तुमचे प्रथिन सैल होते, त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे आणखी तुकडे. दाण्यातले पीठ मोकळे होते. गाय तुम्हाला खाते, आणि तिच्या पोटात पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य बारीक जीव असतात. ते तुमचे सुटे नत्र उचलतात आणि त्यातून स्वतःची अंगे बांधतात. मग गाय त्यांना पचवते. त्यातून दूध होते, वासराचे खूर होतात, डोळे होतात. उरलेले शेणातून, मुतातून रानात जाते, आणि पुढच्या पावसात नवा मका ते मुळांनी वर ओढतो.

"म्हणजे आम्हीच?"

"बरेचसे तुम्हीच."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे हवेत जातात," मी म्हणाले. "ते मला परत आणता येत नाहीत. ते कमी जावेत म्हणून मी हे सोबती आणले होते. एकही जाऊ नये म्हणून आणायला नको होते."

वारा थांबला. पान अन् पान स्तब्ध झाले. बिजली मान खाली घालून उभी होती.

"प्रश्न जिच्या गाई आहेत तिने विचारावा," मका म्हणाला.

काकूने दावे दुसऱ्या हातात घेतले, पदर सारखा केला. "बाबांनो," ती म्हणाली, "किती मोडणार?"

"हिला आणि आतल्याला लागेल तेवढं. बाकीचं हे धरून ठेवतील."

"चालेल," जिवाणू लगेच म्हणाले. "आम्ही इथंच आहोत."

"उत्तर बदलून कायम," काठावरून बापू म्हणाले, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा निघाला नाही.

आम्ही गाईला घेऊन घाईने वर आलो. मग शेत खाली बसले. लांबच्या सऱ्यांपासून सुरुवात झाली. एकेक सरी वाकत होती, गुडघ्यांत मुडपल्यासारखी, आणि तुरे शेवटपर्यंत वर राहून मग हळूच टेकत होते. कापणीच्या सकाळचे ऊन एका बाजूने गोळा होत गेले. दंव वर उठले आणि क्षणभर सगळ्या खड्ड्यावर तरंगून नाहीसे झाले. भिंती परत दिसू लागल्या. मग वास आला, ताकासारखा आंबट आणि थोडा गोड, मी मुरघासाचा इतका चांगला वास कधी घेतलेला नव्हता. बिजलीने नाकपुड्या फुगवल्या आणि काकूच्या हातातले दावे ओढले.

शेवटी थोडे नत्र निघाले. फारच थोडे, डोळ्यांना जेमतेम कळले. लोक बाजूला झाले. मीही या वेळी त्यांच्याबरोबर बाजूला उभी राहिले आणि ते समोरून जाताना म्हणाले, "जपून जा." ते बांधावर चढले आणि मोठ्या रस्त्याकडे गेले.

खड्ड्याच्या मधोमध एक ताट उभेच राहिले होते.

बापूंनी खाली वाकून विचारले, "तुमचं काय?"

"माझं उत्तर आधीचंच आहे," ताट म्हणाले.

बापूंनी काकूकडे पाहिले. काकू म्हणाली, "एक राह्यलं तर राह्यलं. त्याच्याभोवतनं काढीन मी."

"मंजूर," बापू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी किसन हेडी गाडी घेऊन आला तेव्हा गाई गव्हाणीत तोंड घालून होत्या आणि त्यांतल्या एकीनेही त्याच्याकडे वळून पाहिले नाही. अंगणातली पाने रात्रीतून आडवी झाली होती. काकूने किसनला चहा दिला. तो पिऊन गेला. पुढच्या महिन्यात बिजली व्याली. कालवड झाली, पाय लांबट, कानांच्या आतल्या बाजूला किंचित हिरवट झाक असलेली. ती काकूने मला दिली.

यंदा भाद्रपदात खड्डा पुन्हा भरला. ताट मधोमध उभेच आहे. त्याच्यावर अजून जुन्या सकाळचे थोडे ऊन आहे आणि जवळ गेले की गार लागते. कुट्टी त्याच्याभोवती ओतली, कल्चर फवारले. दाबताना ट्रॅक्टर त्याला वळसा घालून जातो. कागदाला संस्थेने तेवढ्यापुरते भोक पाडून दिले आहे आणि त्याभोवती चिकणमाती लिंपायची, असा ठराव झाला आहे.

ट्रॅक्टर बंद झाला. आपल्या गाईंच्या अर्ध्या खड्ड्याचा प्रश्न काकूने विचारला आणि नेहमीसारखी बाजूला झाली; उरलेला अर्धा माझ्या कालवडीचा होता. मग बापूंनी माझ्याकडे पाहिले. मी कालवडीला दाव्याने धरून पुढे गेले.

"किती मोडणार?" मी विचारले. एवढेच विचारले.

मक्याने आधी मधल्या ताटाकडे पाहिले. मग कालवडीकडे.

"हिचं नाव काय?" त्याने विचारले.

मी नाव सांगितले.